शिफ्टिंगनंतर मांजरांना अख्खं घर एकदम दाखवू नका

तुमचा प्रश्न वाचून मला समजलं ते असं. घरात दोन मांजरं, एक सहा वर्षांचा नसबंदी झालेला बोका जो बेल वाजली तरी पलंगाखाली जातो, आणि एक दोन वर्षांची मांजरी जी बिनधास्त आहे, रोज बाहेर चक्कर मारून येते. तळमजल्यावरून पाचव्या मजल्यावर जायचंय आणि हातात महिनाभर आहे. तुमचं म्हणणं पहिल्याच दिवशी मोकळं सोडावं म्हणजे लवकर सवय होईल, मिस्टरांचं म्हणणं सामान लागेपर्यंत आठवडाभर मैत्रिणीकडे ठेवावं. शिवाय प्रवासात झोपेची गोळी द्यायची का.

मी व्हेट आहे आणि बरीच वर्षं जास्त करून मांजरंच बघते. शिफ्टिंग म्हटलं की सगळ्यांना प्रवासाची धास्ती असते, पण प्रवास काही तासांत संपतो, मांजर ओरडतं, एखादं उलटी करतं, झालं. माझ्याकडे शिफ्टिंगमुळे जी मांजरं येतात ती प्रवासाने आजारी पडलेली नसतात, ती त्यानंतरच्या एकदोन आठवड्यांत येतात. कुणी खाणं सोडलेलं असतं, कुणाची लघवी अडकलेली असते, कुठे वर्षानुवर्षं एकत्र राहिलेली दोघं एकमेकांना बोचकारत असतात. आणि जी उघड्या दारातून निसटली ती तर येतच नाहीत, त्यांचे फक्त फोन येतात. म्हणून प्रवासापेक्षा पोचल्यावर काय करायचं यावर जास्त डोकं लावा.

मांजराला घर कळतं ते मुख्यतः नाकाने. गाल, हनुवटी, पंजे, अंगाच्या कडेला वासाच्या ग्रंथी असतात, आणि ते जे रोज दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला, तुमच्या पायाला गाल घासत फिरतं ना, ते आपला वास लावत असतं. तो वास तिथे आहे म्हणजे जागा ओळखीची, म्हणजे इथे झोपायला हरकत नाही. नवीन घरात तो वास शून्य, उलट रंगाचा, फिनाइलचा, आधीच्या माणसांचा, कदाचित आधीच्या एखाद्या मांजराचाही वास. आता अशा जागी त्याला एकदम तीन-चार खोल्या दिल्या तर त्याला प्रत्येक कोपरा, प्रत्येक आवाज तपासायचाय आणि पळून लपायला एकही खात्रीची जागा नाही. बिनधास्त मांजर हे निभावतं. घाबरट मांजर सगळ्यात अडचणीची फट शोधतं, किचनच्या कपाटामागे, वॉशिंग मशीनच्या मागे, आणि तिथून हलत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला, एक खोली द्या. बाकी घर नंतर.

किती दिवस, हे मात्र परिस्थितीवर आहे. वय, स्वभाव, काही जुना आजार, दोघांचं आपसात कितपत जमतं, नवीन घरात अजून काम चालू आहे का, यावर पुष्कळ बदलतं, त्यामुळे मी तारखा देणार नाही, लक्षणं सांगेन.

आधी या महिन्यात काय करायचं ते. आजच कॅरियर माळ्यावरून खाली काढा, दोघांसाठी दोन. एका कॅरियरमध्ये दोघं नकोत, कितीही प्रेम असलं तरी. घाबरलेलं मांजर शेजारी जे असेल त्याला चावतं आणि मग त्या भीतीशी दुसऱ्याचा वास जोडला जातो, पुढे कित्येक दिवस फिस्कारणं चालू राहतं. कॅरियरचं वरचं झाकण निघत असेल तर काढून ठेवा, खाली त्यांची रोजची चादर घाला, जेवण त्याच्या जवळ, मग दारात, मग आत. स्वतःहून आत जाऊन बसायला लागले की झाकण लावा, मग दार काही सेकंद बंद, मग उचलून खोलीत एक फेरी. बहुतेक घरांत कॅरियर बाहेर निघतो तो फक्त दवाखान्यात न्यायला, म्हणून तो बघितला की मांजर गायब. महिनाभरात ही आठवण बऱ्यापैकी पुसता येते, शेवटच्या दिवशी नाही.

खोके एकदम आदल्या दिवशी आणू नका, थोडे आधीपासून पडलेले असू देत, मांजरांना खोके आवडतातच. पॅकिंग खोली-खोलीने करा आणि ज्या खोलीत ती जास्त झोपतात ती शेवटी आवरा. नव्या घरी स्वच्छ वस्तू न्यायच्या म्हणून त्यांची गादी, चादर, ओरखडायचा खांब धुवून-पुसून पॅक करू नका. तो कळकट वास हाच त्यांचा तिथला आधार आहे, नंतर धुवा. लिटरचंही, म्हणजे शी-शूच्या ट्रेमधल्या मातीचंही तसंच, ब्रँड बदलू नका, ट्रे नवा घ्यायचा मोह टाळा आणि वापरलेलं मूठभर लिटर सोबत न्या. आणि कपड्यांत डांबरगोळ्या टाकून खोके भरणार असाल तर ते खोके मांजरांपासून लांब ठेवा, नॅफ्थलीन त्यांना विषारी आहे.

कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप असेल तर त्यावरचा फोन नंबर आणि पत्ता बदलून घ्या, हे लोक हमखास विसरतात. चिपमध्ये फक्त एक १५ आकडी नंबर असतो, तो स्कॅनरने वाचला की रजिस्ट्रेशनमधून तुमचा पत्ता मिळतो, पत्ता जुना असेल तर चिपचा उपयोग नाही. आणि चिप म्हणजे जीपीएस नव्हे, मांजर कुठे आहे ते ती सांगत नाही. नसेल तर आता बसवून घ्या. कॉलर घालणार असाल तर अडकल्यावर झटक्याने सुटणाऱ्या बकलचीच.

नवीन घर मांजरं जायच्या आधी एकदा गुडघ्यांवर बसून बघा, खरंच, त्यांच्या उंचीवरून. सिंकखालचं पाइपचं भोक, फॉल्स सीलिंगची उघडी फट, बाथरूमच्या डक्टची खिडकी. आधीच्या लोकांनी कपाटामागे उंदराचं औषध ठेवलं असेल तर शोधून काढा. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर ते मांजरं येण्याच्या बरंच आधी, आणि करणाऱ्याला स्पष्ट सांगा की घरात मांजरं येणार आहेत. कीटकनाशकांतलं परमेथ्रिन नावाचं रसायन माणसांना आणि कुत्र्यांना फारसं बाधत नाही, मांजराला मात्र झटके येतात. त्यांचं यकृत काही रसायनं आपल्यासारखी फोडू शकत नाही, म्हणून फिनॉल असलेले फरशी पुसायचे द्रवही नकोत, ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी ते पोटात जातं. साधा साबण-पाणी पुरे. आधी तिथे मांजर राहत असेल आणि कुठे लघवीचा वास येत असेल तर एन्झाइमवालं क्लीनर वापरा. घर बघायला येणारे फुलं घेऊन येतात, त्यात लिली असेल तर दारातूनच बाहेर. लिलीचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी बंद पाडतं, आणि हे मी घाबरवायला सांगत नाहीये, हे असंच आहे.

शिफ्टिंगचा दिवस. सामान उचलणारे येण्याआधी दोघांना एका रिकाम्या खोलीत किंवा बाथरूममध्ये बंद करा, लिटर, पाणी आणि दोन्ही कॅरियर आत, दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी, आणि शक्य असेल तर कुलूप. चिठ्ठी कुणी वाचत नाही, किल्ली तुमच्या खिशात ठेवा. सगळी दारं दिवसभर सताड उघडी असतात आणि प्रत्येकाला वाटतं मांजरांवर दुसऱ्याचं लक्ष आहे, पळून जाण्याची जास्तीत जास्त प्रकरणं या दिवसाची. सामान गेलं, घर रिकामं झालं, मग शेवटी मांजरं काढायची. तिकडे पोचल्यावर आधी त्यांची खोली लावून घ्यायची, मग त्यांना आत न्यायचं आणि दार बंद.

सकाळचं जेवण निघायच्या तीन-चार तास आधी आणि थोडंच द्या. गाडीत कॅरियर पुढच्या सीटच्या मागे खाली जमिनीवर घट्ट बसवा किंवा बेल्टने बांधा, वर पातळ चादर टाका. ओरडलं म्हणून दार उघडून मांडीवर घेऊ नका. चालत्या गाडीत मोकळं मांजर ब्रेकच्या पायाखाली जातं.

गोळीबद्दल. झोपेची माणसांची गोळी अजिबात नाही, आणि ताप-दुखीची पॅरासिटामॉल तर कधीच नाही, एका गोळीने मांजर मरू शकतं. मांजरांसाठी आम्ही बहुतेक गॅबापेंटिन देतो, निघायच्या दोन-तीन तास आधी, त्याने भीती कमी होते, थोडी गुंगी येते. डोस वजनावर आणि किडनी कशी आहे त्यावर ठरतो म्हणून तो तुमच्या व्हेटकडूनच घ्या. आणि त्याची ट्रायल आधी एखाद्या निवांत दिवशी घरी करा, कारण काही मांजरं त्याने झोकांड्या खातात आणि ते पहिल्यांदा शिफ्टिंगच्या गडबडीत बघायला नको. काही ठिकाणी अजूनही एसप्रोमाझिन नावाचं गुंगीचं औषध देतात, मी प्रवासाला एकट्याने ते वापरत नाही, मांजर बाहेरून शांत दिसतं पण आतून घाबरलेलंच असतं. तुमच्या बोक्याला गॅबापेंटिन बहुतेक लागेल, मांजरीला कदाचित काहीच लागणार नाही.

आता ती एक खोली. शक्यतो जिथे सामान लावायचं काम शेवटी आहे आणि जिथून सारखी ये-जा नाही अशी, बेडरूम बरी पडते कारण रात्री तुम्ही तिथे असता. लिटर एका कोपऱ्यात, जेवण-पाणी त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, दोघांसाठी मिळून ट्रे किमान दोन, जागा असेल तर तीन. न धुतलेली चादर, तुमचा वापरलेला एखादा टीशर्ट. उंचावर बसायला काहीतरी. आणि लपायला जागा, यावर मला जरा जास्त बोलायचंय. लोकांना वाटतं मांजर लपलं म्हणजे बिघडलं, म्हणून पलंगाखालून ओढून काढतात, मांडीवर घेतात, "बघ काही नाहीये" म्हणून घरभर फिरवतात. उलटं आहे. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका अॅनिमल शेल्टरमधला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोका दिला होता आणि काहींना नाही. खोकावाल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांतच बराच उतरला, बाकीच्यांना वेळ लागला. म्हणजे लपायला मिळालं की मांजर लवकर बाहेर येतं. पलंगाखालची खोल जागा बंद करा, तिथे पोचता येत नाही, त्याऐवजी एका बाजूने उघडे खोके ठेवा, दोन-तीन, एखादा टेबलावर. कॅरियरही उघडा तिथेच राहू द्या.

तुम्ही काय करायचं, तर खोलीत जाऊन जमिनीवर बसायचं आणि फोन बघायचा. खरंच. बोक्याकडे टक लावून बघू नका, हात पुढे करू नका, तो स्वतः येईल तेव्हा येईल. जेवणाच्या वेळा जुन्याच ठेवा. फेलिवेसारखा, मांजरांना शांत करण्यासाठीचा कृत्रिम वास सोडणारा डिफ्यूझर लावायचा असेल तर एक-दोन दिवस आधीपासून लावा. मी सुचवते, काहींना फरक पडलेला बघितलाय, काहींना काडीचाही नाही, पुरावेही तसे संमिश्रच आहेत, तेव्हा बजेट ताणून घेण्याची गरज नाही, खोके फुकट आहेत.

दार कधी उघडायचं? नीट खातंय, शी-शू दोन्ही ट्रेमध्ये होतंय, अंग चाटून साफ करतंय, आणि मुख्य म्हणजे खोलीतल्या वस्तूंना गाल घासायला लागलंय, शेपटी वर करून फिरतंय. हे सगळं दिसलं की खोली त्याची झाली. तुमची मांजरी हे दोन-तीन दिवसांत करेल, बोक्याला दोन आठवडेही लागतील आणि त्यात काही गैर नाही. मग संध्याकाळी घर शांत झाल्यावर फक्त एक खोली जास्त उघडा, आणि पहिल्या खोलीचं दार कायम उघडं, म्हणजे काही पडलं-झडलं तर पळून परत येता येईल. उचलून नवीन खोलीत नेऊन ठेवू नका, स्वतःच्या पायांनी जाऊ दे. लिटर ट्रे पहिल्या खोलीतला लगेच हलवू नका, कायमच्या जागी आधी दुसरा ठेवा, तो वापरात आला की मग जुना उचला.

मांजरी आतून दार खरवडेल आणि बोका खोक्यात असेल, हा पेच तुमच्याकडे नक्की होणार. दोघं एकमेकांना चाटतात, चिकटून झोपतात असं असेल तर सुरुवात एकत्र करा आणि दोनेक दिवसांनी मांजरीला बाहेरचा भाग थोडा थोडा वेळ खुला करा, बोक्याला आतच राहू द्या. पण ती दोघं फक्त एकमेकांना सहन करत असतील, म्हणजे वेगवेगळ्या खोल्यांत झोपणं, जाता-येता वाट अडवणं, तर पहिल्यापासून दोन खोल्या. जुन्या घरात त्यांनी जागा आणि वेळा वाटून घेतलेल्या असतात, ती वाटणी नव्या घरात उरत नाही आणि कुणी कुठे बसायचं हे नव्याने ठरतं. थोडं फिस्कारणं चालेल. एक दुसऱ्याला लिटरपाशी जाऊ देत नाही किंवा पाठलाग करून कोपऱ्यात दाबतोय असं दिसलं तर लगेच वेगळे करा, चादरींची अदलाबदल करा, बंद दाराच्या दोन बाजूंना जेवायला द्या, आणि नव्याने ओळख करून देतोय असं समजून सावकाश जा.

आता जे बघून थांबायचं नाही ते. पहिल्या रात्री जेवलं नाही तर ठीक. चोवीस तास काहीच पोटात नाही तर व्हेटला फोन करा, दोन दिवस झाले तर घेऊन जा, विशेषतः मांजर जाड असेल तर, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. लपलेलं मांजर खातंय की नाही कळत नसेल तर दोघांची वाटी वेगळी ठेवून मोजून द्या. आणि बोका. ताणामुळे मूत्राशयाला सूज येणं मांजरांत नेहमीचं आहे, आणि बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, त्यामुळे ती बंद होऊ शकते. ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, आणि लिटर कोरडंच, हे दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असले तरी निघायचं, एक-दोन दिवसांत जीव जातो. लोक याला बद्धकोष्ठ समजून घरी तेल पाजत बसतात. ट्रेबाहेर शू केली तर तो राग काढत नाहीये, त्याला त्रास होतोय किंवा ट्रेची जागा भीतीची वाटतेय, ओरडू नका, तपासून घ्या.

मिस्टरांची सूचना वाईट नाही, पण त्यात दोन घरं बदलतात, आधी मैत्रिणीचं आणि मग तुमचं, आणि घाबरट बोक्याला तेच सगळं दोनदा करावं लागतं. नवीन घरात फक्त सामान लावायचं असेल तर एक खोली बंद ठेवून तिथेच आणा. सुतारकाम, रंगकाम, ड्रिलिंग चालू असेल तर मात्र त्यांचं बरोबर आहे, काम संपेपर्यंत बाहेर ठेवा, फक्त दोघांना मिळून एक बंद खोली, त्यांचंच लिटर, आणि मैत्रिणीकडे कुत्रं किंवा दुसरं मांजर असेल तर त्याला त्या खोलीत प्रवेश नाही. शक्य असेल तर जुनंच घर थोडे दिवस जास्त ठेवता आलं तर ते सगळ्यात चांगलं.

राहिली मांजरीची बाहेरची सवय. पाचव्या मजल्यावर तिला बाहेर सोडता येणार नाही आणि ती काही आठवडे दाराशी बसून भांडणार, त्याची तयारी ठेवा. एकदा जिना दाखवून आणू असं करू नका, एकदा दार उघडलं की ती रोज दुप्पट ओरडेल. तिची बाहेरची फेरी ज्या वेळेला असायची त्याच वेळेला तिच्याशी दमेपर्यंत खेळा आणि लगेच खायला द्या, खिडकीशी उंच बैठक करा. बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी लागेपर्यंत ती दारं-खिडक्या उघडू नका. मांजर पायावर पडतं म्हणून काही होत नाही, हा समज फार पक्का आहे. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली, त्यात उपचार मिळालेली ९० टक्के वाचली, आणि लोक तेवढाच आकडा लक्षात ठेवतात. जी दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत ती त्यात नाहीत, आणि वाचलेल्यांतही छातीला मार, फाटलेला टाळू, मोडलेले पाय होतेच. नवीन घरात माशीमागे उडी मारताना कठडा किती रुंद आहे हे तिला माहीत नसतं.

हेच जर तळमजल्यावर जात असता आणि तिला बाहेर सोडायचं असतं तर मी किमान तीन आठवडे आत ठेवायला सांगितलं असतं, आणि मग जेवणाआधी, भुकेली असताना, थोड्या वेळासाठी. जुनं घर जवळ असेल तर निसटलेलं मांजर तिकडे जाऊन बसू शकतं, तेव्हा तिथे नवीन राहायला येणाऱ्यांना फोटो आणि नंबर देऊन ठेवा आणि खायला घालू नका म्हणून सांगा. तरीही कुणी निसटलंच तर लांब शोधत जाऊ नका. हरवलेल्या १,२१० मांजरांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत मिळाली. घाबरलेलं मांजर हाकेला ओ देत नाही, म्हणून बिल्डिंगमधलेच जिन्याखालचे कोपरे, पार्किंग, मीटरची खोली, गच्ची, टॉर्च घेऊन रात्री बघा, स्वतः वाकून, कुणाला विचारून भागत नाही.

तुमच्या बोक्याला याआधी कधी लघवीचा त्रास झाला होता का, आणि दोघं एकमेकांना चाटतात की नुसती एका घरात राहतात, हे दोन लिहा. पहिल्याचं उत्तर हो असेल तर शिफ्टिंगच्या आधी त्याची लघवी तपासून घ्यावी लागेल आणि आतापासूनच ओलं खाणं वाढवावं लागेल, दुसऱ्यावर एक खोली की दोन ते ठरेल.